नस काढली, तरी दाढ का दुखते?

कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि ठेकेदारी यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही 'दाढेवर बोलू' असे कळविले तेव्हा व्यवस्थापक मंडळींना ती थट्टा वाटली. थट्टा मुळीच नव्हती. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या दारांशी उभे राहण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. पगाराची तक्रार घेऊन आलेला माणूस बोलता बोलता गालावर हात दाबून धरतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की 'हे आमच्या खात्याचे नाही' असे म्हणण्याची सोय उरली नाही.

यांतला एक प्रश्न तर जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येतो. "काका, डॉक्टरने दाढेची नस काढली म्हणून सांगितले. पैसेही घेतले. नस काढली, तर दाढ कालच्यापेक्षा आज जास्त कशी दुखते? फसवले का हो आपल्याला?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो तर्काला धरूनच आहे. तार कापली तर दिवा विझला पाहिजे. नस काढली तर कळ थांबली पाहिजे. ती थांबली नाही म्हणजे कोठेतरी लबाडी आहे, असे ज्याच्या खिशातून काही हजार रुपये गेले त्याला वाटणे साहजिक आहे. या प्रश्नाचे उत्तर वेळेवर न मिळाल्याने माणसे दोहोंपैकी एक गोष्ट करतात. एक तर दुसऱ्या दंतवैद्याकडे जाऊन दाढ उपटून घेतात, किंवा औषधाच्या दुकानातून मिळेल ती गोळी मिळेल तितकी खात पाळीवर जातात. पहिल्या प्रकारात वाचलेली दाढ हकनाक जाते. दुसऱ्या प्रकारात काय जाते ते पुढे सांगू.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे झाले ते वाचनालयात, आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून विचारून. दातांविषयी जे सांगणार आहोत तेही पुस्तके चाळून आणि ओळखीच्या दंतवैद्यांना भंडावून सोडून मिळविलेले आहे. ते ऐकून कोणी दंतवैद्याकडे जाणे टाळावे, असा आमचा हेतू नाही. जावे, पण समजून जावे.

दात म्हणजे भरीव दगड नव्हे. वरचे पांढरे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. त्याच्या खाली पिवळसर, हाडासारखा थर असतो आणि त्याच्याही आत, मधोमध, एक पोकळी असते. या पोकळीत मऊ गर भरलेला असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, संवेदना वाहून नेणारे तंतू असतात, आणि हे सारे मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जबड्यातून आत आलेले असते. लोक ज्याला 'नस' म्हणतात तो हा सबंध गर होय.

कीड कवच पोखरून आत शिरली की जंतू गरापर्यंत पोहोचतात आणि गराला सूज येते. बोटाला सूज आली तर कातडी ताणली जाते, सुजेला फुगायला जागा मिळते. दाढेच्या गराला ती सोय नाही, कारण चारी बाजूंनी कठीण भिंत आहे. तारापूरच्या कामगाराला हे समजावून देण्यास वेळ लागत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेल्या रिॲक्टरात दाब चढू लागला की काय होते ते त्याला ठाऊक असते. रात्री आडवे झाले म्हणजे डोक्याकडील रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून दिवसा कशीबशी सोसलेली दाढ रात्री ठणकू लागते. दातदुखी रात्रीच का सतावते, या जुन्या गाऱ्हाण्याचे हे एक कारण आहे.

रूट कॅनाल म्हणजे ही पोकळी उघडणे, सुजलेला किंवा सडलेला गर काढणे, मुळातल्या नळ्या घासून व औषधाने धुऊन निर्जंतुक करणे आणि त्या भरून बंद करणे. दाढेला बहुधा तीन-चार नळ्या असतात, केसासारख्या बारीक, कित्येकदा वाकड्या. त्या भरण्यासाठी जो गुलाबी डिंकासारखा पदार्थ वापरतात त्याचे नाव गट्टा-पर्चा. मलायाकडच्या झाडांचा तो चीक. १८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्राच्या तळातून जी तारायंत्राची केबल टाकली, तिच्या तारेवरही हेच वेष्टण होते. समुद्राचे पाणी तारेत शिरू न देणारा पदार्थ दाढेच्या मुळात लाळ व जंतू शिरू देत नाही, यात नवल नाही. असो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गर तर काढला. मग दुखते काय?

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड यांमध्ये अत्यंत बारीक तंतूंचे अस्तर असते. दात त्या तंतूंवर, झोळीत मूल टांगावे तसा, टांगलेला असतो. या अस्तराला स्वतःची वेगळी संवेदना आहे. भातात एवढासा खडा आला तरी तो नेमका कोणत्या दाढेखाली आला हे आपल्याला क्षणात कळते, ते बऱ्याच अंशी या अस्तरामुळे. रूट कॅनालमध्ये दाढेच्या आतली नस काढतात. दाढेच्या बाहेरचे हे अस्तर जागच्या जागी राहते, आणि राहिलेच पाहिजे, नाही तर दाढच राहणार नाही.

नळी घासताना उपकरण मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ जाते. घासलेला थोडा कचरा, थोडे औषध, काही जंतू टोकाबाहेरच्या भागात ढकलले जातात. तो भाग बहुधा आधीच सुजलेला असतो. वर तोंड तासभर उघडे ठेवल्याने जबड्याचे स्नायूही आंबलेले असतात. म्हणजे हे दुखणे दाढेचे नसून दाढेच्या बैठकीचे आहे. घराच्या आत लागलेली आग विझवली, पण बंब आत नेताना अंगण तुडवले गेले. ते अंगण आता दुखते आहे.

या दोन दुखण्यांत फरक ओळखता येतो. आधीचे दुखणे गरम चहाने किंवा गार पाण्याने उसळते, आपोआप सुरू होते, रात्री ठणकते. नंतरचे दुखणे दाबल्याने होते. घास चावला, दातावर दात टेकला, बोटाने ठोकले की कळ येते. एरवी ते बोथट, ठुसठुसते असते. भरून झालेल्या दाढेला गार-गरम लागत असेल, तर एक तर शेजारची दाढ बोलते आहे किंवा एखादी नळी राहून गेली आहे. तसे दंतवैद्याला स्पष्ट सांगावे.

किती दिवस दुखावे, यालाही काही माप आहे. निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून त्यांची छाननी करणारा एक निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचारापूर्वी दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८१ जणांना वेदना होती. उपचारानंतर एका दिवसाने सुमारे ४० जणांना. सात दिवसांनी सुमारे ११ जणांना. दुखण्याचा जोरही तसाच उतरत जातो. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्यांची संख्या थोडी नाही. दुखते म्हणून उपचार फसला, हा निष्कर्ष पहिल्या दोन दिवसांत काढणे घाईचे आहे. आठवडा उलटूनही दुखणे उतरणीला लागले नाही, तर मात्र दंतवैद्याकडे गेलेच पाहिजे.

हे सारे आम्हाला आधी ठाऊक होते असे कोणी समजू नये. आमचीच खालची दाढ काही वर्षांपूर्वी अशी भरून घेतली. दुसऱ्या रात्री दातावर दात टेकवेना. ज्या दवाखान्यात काम केले तेथे निघताना 'काही होणार नाही' यापलीकडे कोणी काही सांगितले नव्हते. फसवणुकीविरुद्ध मोर्चे काढण्याची सवय असलेल्या माणसाच्या मनात त्या रात्री काय काय विचार आले ते सांगण्यासारखे नाही. सकाळी दाढ उपटून घेण्याचा निश्चय करून आम्ही निघालो. सुदैवाने ज्यांच्याकडे गेलो त्या बाईंनी चिमटा उचलला नाही. निळा कागद दातांत धरायला लावला, भरलेला मसाला केसभर उंच राहिला होता तो अर्ध्या मिनिटात घासून सपाट केला आणि म्हणाल्या, "आता चावून बघा, काका." सारा भार त्या एका दाढेवर पडत होता, जखमी बैठकीवर दिवसभर हातोडी बसत होती. संध्याकाळपर्यंत निम्मे दुखणे गेले. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: तोंड मिटले की तीच दाढ आधी लागते का? लागत असेल तर गोळीने काही साधणार नाही. परत जाऊन ती घासून घ्यावी.

गोळ्यांविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण आमच्या भागात खरी हानी तेथे होते.

हे दुखणे सुजेचे असल्यामुळे सूज उतरविणारी गोळी, म्हणजे आयबुप्रोफेन किंवा त्या कुळातली दुसरी एखादी, त्यावर चांगली चालते. पॅरासिटॅमॉल निराळ्या मार्गाने काम करते. प्रकृती धडधाकट असेल तर दंतवैद्य पुष्कळदा दोन्ही बरोबर देतात, कारण दोन्हींचा मिळून परिणाम एकटीपेक्षा अधिक होतो. इंजेक्शनचा बधिरपणा पूर्ण उतरण्यापूर्वीच पहिली गोळी पोटात असावी; कळ उठल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते बरे. पुढे एक-दोन दिवस सांगितलेल्या वेळेला घ्यावी आणि दुखणे उतरले की थांबवावी. धडधाकट प्रौढ माणसालाही चोवीस तासांत पॅरासिटॅमॉल चार ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या पुढे जाता कामा नये. जो रोज दारू घेतो त्याचे यकृत आधीच थकलेले असते. त्याची मर्यादा याहून बरीच खाली, आणि ती डॉक्टरलाच विचारावी.

येथे एक गोम आहे. दुकानदार 'दाढेची गोळी' म्हणून जी देतो तीत बहुधा डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटॅमॉल एकत्रच असतात. वर आपण घरची पॅरासिटॅमॉल घेतो, आणि वर दंतवैद्याने दिलेली तिसरी. एकच औषध तीन नावांनी पोटात जाते. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचावे. वाचता येत नसेल तर पाकीट घेऊन दंतवैद्याला दाखवावे.

सूज उतरविणाऱ्या या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. भरपूर पाणी पिणाऱ्या धडधाकट माणसाला दोन दिवसांत त्याचे काही वाटत नाही. पण वैशाखातली दुपार, भट्टीजवळचे काम, बारा तासांची पाळी, अंगातून घाम वाहून गेलेला, पोटात सकाळचा एक वडापाव, आणि त्यावर दर चार तासांनी एक गोळी, हा मेळ वाईट आहे. जठरात व्रण होतो तो वेगळाच. डायक्लोफिनॅक हे काय प्रकरण आहे ते गिधाडांना विचारावे. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि भारतातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली सरकारला जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. माणूस गिधाडाइतका हळवा नाही, हे खरे. तथापि ज्याला आधीच मूत्रपिंडाचा, हृदयाचा वा रक्तदाबाचा विकार आहे, ज्याच्या पोटात व्रण आहे, ज्याला गोळीने दमा उसळतो, जो रक्त पातळ करणारी औषधे घेतो, त्याने आणि गरोदर बाईने या कुळातली गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये. ज्या गोळीने गुंगी येते ती घेऊन पाळीवर जाऊ नये हे तर सांगायला नको. पण दोन रात्री झोप न झालेला माणूस गोळीशिवायही गुंगीतच असतो, आणि त्याच्या हातात व्हॉल्व्ह असतो. हे मात्र सांगायला हवे, विशेषतः सुपरवायझरला.

आणखी एक समजूत आहे की जंतू मारणाऱ्या कॅप्सूलने दुखणे थांबते. थांबत नाही. अँटिबायोटिक जंतूंवर चालते, कळेवर नव्हे. नळ्या साफ झाल्यावर साध्या दुखण्याला तिची गरज नसते. दुकानातून तीन कॅप्सूल घेऊन दोन खायच्या आणि एक खिशात ठेवायची, या रिवाजाने जंतू मात्र धीट होतात. सूज पसरू लागली, ताप आला, तर ती लागते, आणि तेव्हा दंतवैद्याने लिहून दिल्याप्रमाणे घ्यावी.

घरगुती उपायांपैकी लवंगेचे तेल आमच्या आईच्या काळापासून चालत आले आहे आणि किडक्या, उघड्या दाढेवर ते खरोखर चालते, कारण ते उघड्या गराला बधिर करते. पण रूट कॅनालनंतर आत गरच उरलेला नसतो! तेल लावायचे कोणाला? हिरडी मात्र भाजते. मिश्री दाबून धरण्याचेही तेच. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, बाकी काही नाही. गालावर गरम वाळूचा किंवा फडक्याचा शेक देतात, त्याऐवजी पहिल्या दिवशी फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून दहा-पंधरा मिनिटे धरावा, थोडा वेळ थांबून पुन्हा धरावा. सातपाटीच्या कोळ्यांना बर्फाचा गुण आम्ही काय सांगावा! कोमट पाण्यात मीठ घालून हलक्या चुळा भराव्यात. झोपताना दोन उशा घ्याव्यात. दुसऱ्या बाजूने चावावे. ओठ बधिर असेपर्यंत काही चावू नये, नाही तर स्वतःचाच गाल चावला जातो आणि ते दुखणे दाढेच्या नावावर जमा होते.

आता ज्या खुणा दिसल्या तर घरी बसायचे नाही, त्या सांगतो. गालाची सूज वाढत डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरू लागणे, ताप येणे, तोंड न उघडणे, थुंकी गिळता न येणे, जीभ वर उचलल्यासारखी वाटणे, श्वासाला त्रास होणे. शेवटच्या तीनपैकी एक जरी दिसली तरी दंतवैद्याच्या वेळेची वाट पाहू नये, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठे इस्पितळ गाठावे. दाढेचा पू गळ्याच्या खोल भागात उतरला तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

या दुखण्याचा हिशेब दोन दिवसांचा आहे, आणि नेमके येथेच कामगाराचे गाडे अडते. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे; वेतनाच्या सात दशांश. २०१७ साली योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये झाली, म्हणजे वसाहतीतले पुष्कळ कामगार तीत बसतात. परंतु या योजनेच्या वर्षानुवर्षे चालत आलेल्या नियमाप्रमाणे आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्याविना जातात. दाढ बरोबर त्याच दोन दिवसांत सर्वांत अधिक दुखते! ठेकेदाराकडच्या माणसाला तर रजा म्हणजे खाडा, आणि दोन खाडे म्हणजे कधी कधी नोकरीच. म्हणून तो गोळी खाऊन येतो. नियम लवकर बदलेल असे आम्हाला दिसत नाही, म्हणून तूर्त एवढेच सुचवितो की तातडीचे नसेल तेव्हा रूट कॅनालची पहिली बैठक साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी घ्यावी. आमच्या सोबत्यांपैकी अनेकांनी याच युक्तीने खाडे वाचविले आहेत. बोईसरला बहुतेक कारखान्यांची वीजबंदीची सुटी रविवारी नसते. दंतवैद्याला आपला सुटीचा वार आधी सांगावा.

दाढेचा प्रश्न संघटनेचा कसा, असे कोणी विचारले तर आणखी एक गोष्ट दाखविता येईल. लोखंडी तार किंवा पत्रा आम्लाच्या टाकीत बुडवून साफ करणाऱ्या खात्यात आम्लाची वाफ सतत तोंडाशी असते. तिने पुढच्या दातांच्या कडा झिजतात, कवच पातळ होते. हे जगभर नोंदलेले आहे. वाफ खेचून घेणारा पंखा बंद पडला की तो दुरुस्त करून घेणे हा दंतरक्षणाचाच भाग आहे, आणि ते काम ब्रशाने होत नाही.

आमच्या अनुभवात सर्वांत मोठा तोटा मात्र दुखण्याने होत नाही, दुखणे थांबल्याने होतो. पहिल्या बैठकीत नस काढली, तात्पुरते भरले, चौथ्या दिवशी दाढ गप्प झाली, की माणूस पुढच्या बैठकीला जात नाही. तात्पुरता मसाला महिन्या-दोन महिन्यांत झिजतो, लाळेबरोबर जंतू आत उतरतात, आणि आता आत कळ देणारी नसच नसल्याने कोणी ओरडत नाही. ओरडते ते थेट हाड. ज्यांनी नळ्या पुऱ्या भरल्या पण वरची टोपी बसविली नाही, त्यांची दाढ पोखरलेल्या नारळासारखी पोकळ राहते आणि एक दिवस सुपारीवर किंवा चिक्कीवर उभी दुभंगते. मूळापर्यंत चीर गेली की ती उपटण्यावाचून गत्यंतर नसते; आधी घातलेले सारे पैसे पाण्यात. सालवडच्या एका सोबत्याच्या बाबतीत हेच झाले. टोपीचे पैसे पुढच्या बोनसला देऊ म्हणून तो थांबला होता. त्यानंतर आमच्या संघटनेत औषधपाण्याची उचल मागायला आलेल्याला आम्ही टोपी धरूनच एकूण खर्च किती ते आधी विचारून यायला सांगतो.

क्वचित असे होते की सारे नीट होऊन, एक्स-रेमध्ये काही दोष न दिसूनही महिनोन्‌महिने दाढेच्या जागी दुखत राहते. दुखणे खरे असते, पण त्याचे घर दाढेत नसते. जबड्याच्या सांध्यात, स्नायूत किंवा वेदना वाहणाऱ्या तंतूंमध्येच बिघाड असतो. अशा वेळी एकामागून एक दाढा उपटून घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि दुखणे शेजारच्या दाढेत सरकत गेलेलेही पाहिले आहे. त्यांनी मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयाच्या किंवा नायर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. पहिले १९४५ पासून आणि दुसरे १९३३ पासून चालू आहे, आणि तेथे सर्व शाखांचे जाणकार एका छपराखाली भेटतात. जाताना जुने एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कोणती गोळी कधी घेतली याचे टिपण बरोबर असावे. ते नसले की सगळी तपासणी पहिल्यापासून होते, आणि पहाटेच्या डहाणू लोकलने गेलेला दिवस तसाच परत येतो.